थायरॉइडची गोळी आणि व्यापाऱ्याचे माप

कापडाच्या धंद्यात मंदी आली की जोडधंद्याच्या गोष्टी सुरू होतात. माग आठवड्यातून तीन दिवस बंद, ग्रे कापडाला उठाव नाही, उधारी अडकलेली. अशा वेळी कोणी तरी ओळखीचा माणूस पेढीवर येतो, चहा घेतो आणि पिशवीतून एक डबा काढून समोर ठेवतो. डब्यावर लिहिलेले असते: थायरॉइड मुळापासून बरा, शंभर टक्के नैसर्गिक, कोणताही दुष्परिणाम नाही. त्याच्या मागोमाग तो कमिशनचा आकडा सांगतो. कापडात जे वर्षभर सुटत नाही ते या डब्यात महिन्याला सुटते, असा त्याचा हिशेब असतो.

काही वर्षांपूर्वी असा एक माणूस आमच्याही पेढीवर आला होता. आम्ही चोवीस डबे उचलले. सतरा विकले. त्यांतला एक आमच्याच घरात गेला, कारण आमच्या पत्नीला थायरॉइडचा विकार आहे. डबेवाल्याने सांगितल्याप्रमाणे तिने डॉक्टरांची गोळी बंद केली आणि चूर्ण सुरू केले. तीन महिन्यांत तिचा चेहरा सुजला, आवाज घोगरा झाला, मे महिन्यात ती चादर अंगावर घेऊ लागली. एके दिवशी फजरला ती उठलीच नाही. नाडी फार मंद झाली होती. दवाखान्यात पाच दिवस काढावे लागले. डॉक्टरीणबाईंनी रक्ताचा रिपोर्ट समोर ठेवला आणि विचारले, "चाचा, तुम्ही कापड न मोजता विकता का?"

त्या प्रश्नामुळे हा लेख लिहीत आहोत. आम्ही डॉक्टर नाही. पण ज्या वस्तूचा व्यापार केला तिची माहिती आधी करून घ्यायला हवी होती, ती नंतर करून घेतली. आपल्या मालेगाव, भिवंडी, इचलकरंजीच्या व्यापारी आणि कारागीर बांधवांना ती उपयोगी पडेल असे वाटते.

सूत, माग आणि तागा

शाळेत आम्ही उर्दूतून 'गुदूद' शिकलो. मराठीत त्यांना ग्रंथी म्हणतात. गळ्याच्या पुढच्या बाजूला, फुलपाखराच्या आकाराची एक छोटी ग्रंथी असते, ती थायरॉइड. ती थायरॉक्सिन नावाचा हार्मोन तयार करून रक्तात सोडते. शरीराची उष्णता, हृदयाची गती, पचन, पोटातल्या बाळाच्या मेंदूची वाढ, अशी अनेक कामे या हार्मोनवर चालतात.

आपल्या भाषेत सांगायचे तर थायरॉइड हा माग आहे. आयोडीन हे सूत आहे. थायरॉक्सिन हा तयार तागा आहे. थायरॉक्सिनच्या प्रत्येक कणात आयोडीनचे चार अणू असतात, म्हणून डॉक्टर त्याला टी-फोर म्हणतात. मेंदूच्या तळाशी पिट्युटरी नावाची वाटाण्याएवढी ग्रंथी असते. तिला पेढी समजा. पेढीवरून मागाला सतत चिठ्ठी जाते, त्या चिठ्ठीचे नाव टीएसएच. माल कमी आला की पेढी तगाद्यावर तगादा लावते, म्हणजे टीएसएच वाढतो. माल जास्त झाला की तगादा थांबतो, म्हणजे टीएसएच घसरतो. म्हणून रिपोर्टात टीएसएच वाढलेला दिसला तर थायरॉइड जास्त झाला असे समजू नये. बहुतेक वेळा अर्थ उलटा असतो.

आता खरा मुद्दा. तागा दोन कारणांनी कमी पडतो. एक, सूतच आले नाही. दोन, सूत आहे पण माग मोडला आहे. पहिल्या ठिकाणी सूत द्यावे लागते. दुसऱ्या ठिकाणी कितीही सूत चढवले तरी कापड निघत नाही, तेथे तयार कापड बाहेरूनच आणावे लागते. पहिल्या इलाजाला पूरक आहार म्हणा, दुसऱ्याला हार्मोनची भरपाई. दोन्ही इलाज संशोधनाने सिद्ध झालेले आहेत. पण एकाच्या जागी दुसरा चालत नाही. डबेवाल्यांचा सगळा धंदा या गफलतीवर उभा आहे.

मेंढीच्या ग्रंथीपासून गोळीपर्यंत

इंग्लंडमधील न्यूकॅसलचे डॉक्टर जॉर्ज मरे यांनी १८९१ साली एका ४६ वर्षांच्या बाईवर पहिला प्रयोग केला. थायरॉइड बंद पडल्याने ती सुजली होती, हालचाल आणि बोलणे मंद झाले होते. मरे यांनी मेंढीच्या थायरॉइडचा अर्क तिला टोचला आणि ती सुधारली. पुढे तोच अर्क तोंडावाटे दिला तरी चालतो असे कळले. ती बाई आणखी २८ वर्षे जगली आणि १९१९ साली ७४ व्या वर्षी वारली. तेवढ्या काळात तिला लागलेल्या अर्कासाठी ८७० हून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथी वापरल्या गेल्या. खाटीकखान्यात फेकून दिल्या जाणाऱ्या वस्तूने एका बाईला जवळजवळ तीस वर्षांचे आयुष्य मिळाले.

पण अर्कात एक मोठी अडचण होती. कोणत्या ग्रंथीत किती हार्मोन आहे याचे नक्की माप नव्हते. अमेरिकेत मेयो क्लिनिकमध्ये एडवर्ड केंडल यांनी १९१४ च्या डिसेंबरात शुद्ध थायरॉक्सिन वेगळे काढले. त्यांना सुमारे तीन टन डुकरांच्या ग्रंथींतून फक्त ३३ ग्रॅम माल मिळाला होता. १९२७ साली चार्ल्स हॅरिंग्टन आणि जॉर्ज बार्जर यांनी तेच थायरॉक्सिन प्रयोगशाळेत रसायनांपासून तयार करून दाखवले. आज दुकानात मिळते ती लेव्होथायरॉक्सिनची गोळी या शोधाची पुढची पायरी आहे.

आपल्या लोकांच्या मनात हलाल-हरामचा प्रश्न येतो आणि तो रास्त आहे. लेव्होथायरॉक्सिन हे औषध कारखान्यात रासायनिक रीतीने बनते, कोणत्याही जनावराच्या ग्रंथीतून काढत नाहीत. उलट परदेशात 'नैसर्गिक थायरॉइड' म्हणून जी गोळी विकतात ती डुकराच्या वाळवलेल्या ग्रंथीची असते. अमेरिकेत २०१३ साली ७० रुग्णांवरची एक चाचणी प्रसिद्ध झाली. प्रत्येक रुग्णाला आळीपाळीने दोन्ही गोळ्या दिल्या. वजन सरासरी तीन पौंडांनी उतरले आणि जवळपास निम्म्या रुग्णांना ग्रंथीची गोळी जास्त आवडली, पण लक्षणांत आणि आरोग्यात मोजता येईल असा फरक निघाला नाही. तेव्हा नैसर्गिक हा शब्द वाचून कोणी भुलू नये. परदेशातील नातेवाईक भेट म्हणून असा डबा आणतात, त्यावरचे बारीक अक्षर वाचावे.

कांगड्याचे मीठ

सूत कमी पडण्याचा प्रश्न आपल्याच देशातल्या संशोधनाने सोडवला. हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात गलगंडाचे प्रमाण फार होते. डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ पासून तेथे प्रयोग केला. खोऱ्याचे तीन भाग केले. दोन भागांत आयोडीन घातलेले मीठ दिले, तिसऱ्या भागात साधे मीठ. सहा वर्षांनी पाहिले तेव्हा आयोडीनच्या मिठाच्या दोन्ही भागांत गलगंड निम्म्यावर किंवा त्याखाली आला होता. साध्या मिठाच्या भागात काही फरक नव्हता. १९६२ साली सरकारने राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. २००६ पासून माणसाच्या खाण्यासाठी बिनआयोडीनचे मीठ विकण्यास देशभर बंदी आहे.

किराणा दुकानदार बांधवांनी येथे लक्ष द्यावे. गिऱ्हाइकाच्या हाती पडताना मिठात दशलक्ष भागांमागे किमान १५ भाग आयोडीन असावे लागते. उन्हात, ओलीत, उघड्या पोत्यात मीठ ठेवले तर आयोडीन उडून जाते. वजन बरोबर भरले तरी गिऱ्हाइकाला माल कमी गेला. मोठ्या माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम आयोडीन पुरते, म्हणजे संपूर्ण आयुष्याचा हिशेब केला तरी चमचाभर. गरोदर बाईला त्याहून जास्त लागते, कारण पोटातले बाळ सुरुवातीचे महिने आईच्याच हार्मोनवर वाढते.

पण मीठ आले म्हणून थायरॉइडचे रोगी संपले नाहीत. २०१३ साली आठ शहरांतील पाहणी प्रसिद्ध झाली, त्यात मुंबई आणि गोवाही होते. ५,३७६ मोठ्या माणसांपैकी जवळजवळ ११ टक्क्यांत थायरॉइडची कमतरता आढळली. याचे मुख्य कारण म्हणजे शरीराची संरक्षण व्यवस्था स्वतःच्याच ग्रंथीवर उलटते. जपानचे डॉक्टर हाशिमोटो यांनी १९१२ साली या विकाराचे वर्णन केले, त्यांचेच नाव त्याला आहे. येथे सूत भरपूर असते, माग मोडलेला असतो. अशा रोग्याला समुद्री शेवाळाचे, आयोडीनचे चूर्ण दिले तर फायदा होत नाहीच, जादा आयोडीनने ग्रंथी आणखी बिघडू शकते. आमच्या पत्नीचा विकार हाच होता. आणि आम्ही विकलेल्या डब्यात मुख्य माल समुद्री शेवाळ होता.

दाबून ठेवलेला हिशेब

व्यापाराच्या पानावर एक जुनी हकीकत सांगितलीच पाहिजे. अमेरिकेत सिंथ्रॉइड नावाची लेव्होथायरॉक्सिनची गोळी बाजारात सर्वांत पुढे होती. इतर कंपन्यांची तीच गोळी स्वस्त होती, पण आमच्यासारखी ती नाही असे सिंथ्रॉइडवाले सांगत. हे सिद्ध करण्यासाठी बूट्स कंपनीने १९८७ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को शाखेतील बेटी डाँग यांना पैसे देऊन संशोधन करवले. २२ बायकांवर चार गोळ्यांची तुलना झाली. १९९० साली निकाल हाती आला: चारही गोळ्या सारख्या.

कंपनीला हा निकाल नको होता. करारात एक कलम होते की कंपनीच्या लेखी परवानगीशिवाय काही छापायचे नाही. लेख मोठ्या वैद्यकीय नियतकालिकाने स्वीकारला होता, तो १९९५ च्या जानेवारीत छपाईच्या तोंडावर मागे घ्यावा लागला. १९९६ साली वर्तमानपत्रातून प्रकरण बाहेर आले आणि अखेर एप्रिल १९९७ मध्ये लेख छापला गेला. स्वस्त गोळी वापरली असती तर अमेरिकेतील रुग्णांचे वर्षाला सुमारे ३५.६ कोटी डॉलर वाचले असते, असा त्या संशोधकांचा अंदाज होता.

गोष्टीची दुसरी बाजूही आहे. त्याच १९९७ साली अमेरिकेच्या औषध खात्याने सांगितले की सर्वच कंपन्यांच्या या गोळीची ताकद बॅचप्रमाणे कमी-जास्त होते, म्हणून सर्वांनी नव्याने मंजुरी घ्यावी. २००७ साली नियम आणखी कडक झाला. गोळीवर लिहिलेल्या मापाच्या ९५ ते १०५ टक्क्यांतच माल असला पाहिजे. आधी ९० ते ११० टक्के चालत असे. हा हार्मोन ग्रॅममध्ये नाही, मायक्रोग्रॅममध्ये घेतात. तेथे पाच-दहा टक्क्यांनीही फरक पडतो.

यातून आपण काय घ्यावे? महाग छाप म्हणजे चांगला माल असे नाही आणि स्वस्त म्हणजे वाईट असेही नाही. आपल्याकडे लेव्होथायरॉक्सिन अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहे आणि रोजच्या चहापेक्षा रोजची गोळी स्वस्त पडते. एक कंपनी सोसली की तीच चालू ठेवावी. बदललीच तर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा तपासावा. थायरॉक्सिन रक्तात हळूहळू साठते, निम्मे व्हायला सुमारे सात दिवस लागतात, म्हणून त्याआधी तपासले तर हिशेब चुकतो.

डब्यात काय निघाले

अमेरिकेतच २०१३ साली 'थायरॉइडला मदत करणारे' दहा पूरक डबे तपासले गेले. दहापैकी नऊ डब्यांत टी-थ्री आणि पाच डब्यांत टी-फोर हा खरा हार्मोन सापडला. लेबलावर त्याचे नाव नव्हते. गिऱ्हाईक वनस्पती समजून हार्मोन खात होते, तेही माप न सांगितलेले. असा हार्मोन गरज नसताना पोटात गेला तर छातीत धडधड होते, हृदयाचे ठोके अनियमित होतात, हाडे ठिसूळ होतात. वजन उतरवण्यासाठी ही गोळी घेऊ नये, असा इशारा अमेरिकेत औषधाच्या माहितीपत्रकात चौकटीत छापतात.

केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेणाऱ्या बहिणींनीही ध्यानात ठेवावे. जास्त मात्रेतील बायोटिनमुळे रक्ताची तपासणीच खोटा आकडा दाखवू शकते, अशी सूचना अमेरिकेच्या औषध खात्याने २०१७ साली दिली. रक्त देण्यापूर्वी निदान दोन दिवस ती बंद ठेवावी आणि डॉक्टरांना तसे सांगावे. गजाचीच पट्टी वाकडी असेल तर माप बरोबर कसे येणार?

आणि खऱ्या गोळीचीही प्रत्येकाला गरज नसते. २०१७ साली युरोपातील ६५ वर्षांवरील ७३७ लोकांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. त्यांचा टीएसएच थोडा वाढलेला होता, पण टी-फोर ठीक होता. निम्म्यांना खरी गोळी दिली, निम्म्यांना तशीच दिसणारी रिकामी गोळी. वर्षभराने थकव्यात व इतर लक्षणांत काही फरक दिसला नाही. तेव्हा घरातील वडीलधाऱ्यांचा आकडा किंचित वर दिसला की गोळीसाठी हट्ट धरू नये. मात्र चालू असलेली गोळी स्वतःच्या मनाने बंदही करू नये.

रोजे आणि गोळी

ही गोळी रिकाम्या पोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची असते आणि त्यानंतर अर्धा ते एक तास काही खायचे-प्यायचे नाही. चहा, दूध, कॉफीने ती नीट शोषली जात नाही. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळीत व हिच्यात चार तासांचे अंतर हवे. रमजानमध्ये आपल्या घरांत येथेच चूक होते. सहरीच्या चहाबरोबरच गोळी घेतली जाते आणि ईदनंतर टीएसएच वाढलेला निघतो.

मार्ग दोन आहेत. सहरीच्या अर्धा-एक तास आधी उठून गोळी घ्यावी आणि मग जेवावे. किंवा तरावीहनंतर, शेवटचे खाणे होऊन तीन तास झाल्यावर, झोपताना घ्यावी. नेदरलँड्समध्ये २०१० साली ९० रुग्णांवरच्या चाचणीत झोपताना घेतलेली गोळी सकाळच्या गोळीपेक्षा चांगली लागू पडली होती. आपल्याला कोणती वेळ जमेल ते रमजानच्या आधीच डॉक्टरांशी ठरवावे.

गरोदर बहिणींबाबत अधिक सावध राहावे. दिवस राहताच बहुतेकींना गोळीची मात्रा वाढवावी लागते. पहिल्याच महिन्यात डॉक्टरांना भेटावे. बाळ जन्मल्यावर त्याच्या टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन थायरॉइडची तपासणी होते, ती करून घ्यावी. जन्मतः थायरॉइड नसलेल्या बाळाला पहिल्या दोन आठवड्यांत गोळी सुरू केली तर त्याची बुद्धी वाचते. उशीर झाला तर गेलेले परत येत नाही.

सतरा डबे

पत्नीला दवाखान्यातून घरी आणल्यावर आम्ही वहीतून सतरा नावे काढली. एकेका घरी जाऊन पैसे परत केले आणि डॉक्टरांची गोळी पुन्हा सुरू करा असे सांगितले. बहुतेकांनी चहा पाजला. एका मागवाल्याच्या घरी त्याची बायको गरोदर होती आणि तिनेही गोळी सोडली होती. तो आमच्यावर रागावला नाही. एवढेच म्हणाला, "सेठ, तुम्ही दिली म्हणून घेतली." त्याला त्याच दिवशी आम्ही डॉक्टरीणबाईंकडे पाठवले. अल्हम्दुलिल्लाह, मुलगी सुखरूप जन्मली, टाचेचा रिपोर्टही चांगला आला. पण ते वाक्य आमच्या कानांतून जात नाही. त्याने कंपनीवर नव्हे, आमच्या शब्दावर विश्वास ठेवला होता.

सूरह मुतफ्फिफीनमध्ये मापात मारणाऱ्यांना किती कडक इशारा आहे, हे आपण लहानपणापासून ऐकतो आणि तो गज-तराजूपुरता समजतो. ज्या मालाचे माप आपल्याला ठाऊक नाही तो दुसऱ्याच्या पोटात घालणे हेही त्यातच येते, असे आता आम्हांला वाटते. म्हणून व्यापारी बांधवांना विनंती आहे. मंदी आहे, जोडधंदा जरूर करा. पण हार्मोनचा, ताकदीचा, थायरॉइडचा डबा कोणी पेढीवर ठेवला तर तीन प्रश्न विचारा. आत नेमके काय आणि किती आहे? कोणत्या माणसांवर, किती काळ तपासले? आणि गोळी सोडून हा घ्या असे तुम्ही लिहून देता का? आमच्याकडे आलेल्या माणसाला उरलेले सात डबे परत करताना आम्ही हेच विचारले. तो डबे उचलून निघून गेला.